फ्लायव्हील कुणाच्या वाट्याचं

आमच्या गल्लीतल्या गॅरेजात दोन माणसं काम करतात आणि दोघांनाही स्वतःचं नाव उरलेलं नाही. मोठ्याला त्याचा मेहुणा ‘दाजी’ म्हणतो. ती हाक दिवसभरात इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्यानं येते की गल्लीनंही तीच उचलली. दूधवाला दाजी म्हणतो, पोस्टमन दाजी म्हणतो, आणि एकदा तर त्यांच्या सख्ख्या आईनं वरच्या खिडकीतून ‘अहो दाजी’ अशी हाक मारली नि मग जीभ चावली. मेहुण्याला दाजींची मुलगी मामा म्हणते, म्हणून तो सगळ्या गल्लीचा मामा. “मला या घरानं मामा बनवलं,” असं तो नव्या गिऱ्हाइकाला हमखास ऐकवतो, आणि गिऱ्हाईक हसेपर्यंत पाना हातात घेत नाही.

ही दोन्ही नावं जिच्यामुळे पडली, ती दाजींची बायको आणि मामाची थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणतात, तिच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. हे तिच्याविषयी.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या पत्र्याच्या शेडवर उघडते. ओट्यापाशी उभं राहिलं की खाली गाड्यांची उघडी पोटं दिसतात. शेडच्या पुढच्या अंगाला, रस्त्याकडे तोंड करून, स्पेअर पार्टचं छोटं दुकान आहे. काचेचा काउंटर, मागे छतापर्यंत खोकी, खिळ्यांना अडकवलेले पट्टे आणि होज पाइप. ताई तिथे बसते. लग्न होऊन आली तेव्हा फोन घ्यायला म्हणून बसली होती. फोन घेता घेता कुठल्या गाडीला काय लागतं ते तिला कळू लागलं, आणि पुढे तिच्यावाचून शेडमधलं पानही हलेनासं झालं. पाना मात्र तिनं कधी हातात धरला नाही. “हात काळे करणारे दोघे आहेत की,” म्हणायची. “तिसऱ्यानं हिशेबानं वागावं.”

मामा धंद्यात आला त्या पहिल्याच आठवड्यात त्या दोघांनी मिळून एक गिअरबॉक्स उतरवला आणि तो दाजींच्या अंगठ्यावर आला. कुणी आधी सोडला यावर इतकी जुंपली की जेवणाची ताटं तशीच राहिली. तेव्हा ताईनं वाटणी करून दिली. इंजिन आणि त्याच्या पुढचं सगळं दाजींचं. गिअरबॉक्स आणि त्याच्या मागचं, पार मागच्या चाकापर्यंत, मामाचं. जमिनीची वाटणी होते तशी गाडीची वाटणी. दोघांनी ती अशी पाळली की मामा रेडिएटरचं झाकणसुद्धा उघडायचा नाही. गिऱ्हाइकानं पाणी बघायला सांगितलं तर म्हणायचा, “ते दाजींना विचारा, आपलं गाव मागे आहे.”

अडचण यायची ती मधल्या जागेची. इंजिनाच्या शेवटाला एक जड लोखंडी चाक असतं, फ्लायव्हील. त्याला चिकटून क्लच बसतो, आणि गिअरबॉक्समधून आलेला शाफ्ट त्या क्लचमधून आत जातो. आता हे चाक इंजिनाचं म्हणायचं, की ज्याला ते फिरवतं त्या गिअरबॉक्सचं? क्लच कुणाचा? या प्रश्नाचं उत्तर त्या शेडमध्ये कधी तोंडानं दिलं गेलं नाही. ताई गाडीशेजारी एक जुनी चादर अंथरायची आणि नवे पार्ट खोक्यांतून काढून त्यावर ओळीनं मांडायची, ज्या क्रमानं आत जायचे त्याच क्रमानं. चादरीच्या डाव्या कडेला ठेवलेलं दाजी उचलायचे, उजव्या कडेचं मामा. बस. त्यावर कधी शब्द नाही की वाद नाही. आपण चादर बघून काम करतो हे त्या दोघांच्या लक्षातही आलं नसावं. आपण चष्म्यातून बघतो हे कुठे रोज आठवतं?

त्यांची एकुलती एक मुलगी याच शेडमध्ये वाढली आणि गाड्या चालवायला लागली. शहरात सामान पोचवणारी व्हॅन तिनं काही वर्षं चालवली. मग डोंगरावरच्या टॉवरचं काम निघालं. वर माथ्यावर फोनचा टॉवर आहे, त्याची देखभाल करणारी माणसं आणि डिझेलचे कॅन आठवड्यातून दोनदा वर न्यायचे. रस्ता म्हणजे नावालाच. दगड, माती आणि एका बाजूला काही नाही. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तरच तिथे जाता येतं. टॉवरवाल्यांची अट अशी की गाडी आणि चालक दोघांची परीक्षा होणार. जवळच्या दगडखाणीच्या चढावर भरलेली गाडी मधोमध थांबवायची आणि मागे न सरकता पुन्हा उचलायची. जमलं तर काम तिचं, नाही जमलं तर दुसरा तयारच होता.

पोरीनं खाणीतली एक जुनी जीप घेतली. सांगाडा भक्कम, इंजिन ठणठणीत, फक्त क्लच जळालेला. आधीचा चालक पॅडलवर पाय ठेवूनच झोपत असावा असं मामाचं मत.

घरात याच्यावरून जे माजलं ते खिडकी बंद करूनही ऐकू यायचं.

“त्या रस्त्यावरच्या गाड्या मी टोचन लावून खाली आणल्यात,” दाजी म्हणायचे. “गाड्या मी आणल्या. माणसं दुसऱ्यांनी आणली.”

“दाजी, त्या गाड्या नीट ठेवलेल्या नव्हत्या.”

“तू मागचं बघ रे. पुढचं मी बघतो.”

“भाची मागची की पुढची?”

“बाबा, मी व्हॅन चालवत होते तेव्हाही तुम्ही हेच म्हणायचात.”

“तेव्हाही खरंच म्हणत होतो.”

आणि मग तिघेही ताईकडे यायचे, एकेकटे. दाजी म्हणायचे, अगं, तू तिला सांग, तुझं ऐकते ती. मामा म्हणायचा, ताई, तू दाजींना जरा समजाव. पोरगी म्हणायची, आई, तू बाबांना सांग ना. ताई बाजू घेत नव्हती. तिच्या मनात काय आहे याचा कुणालाच थांग लागत नव्हता. मीही एकदा दुधाच्या रांगेत विचारून बघितलं, तर म्हणाली, “आज दूध पातळ आलंय, नाही?”

शेवटी एका सकाळी तिनं तिघांना काउंटरपाशी उभं केलं. “आजपासून मी कुणाचा निरोप कुणाला देणार नाही. तुम्हाला तोंडं आहेत, एकमेकांशी बोला. आणि या जीपच्या कामात मी पडणार नाही. शेडमध्ये पाऊल ठेवणार नाही.”

“म्हणजे?” मामा म्हणाला.

“म्हणजे मी दुकानात बसेन. पार्ट मागा, देईन.”

दाजी पोरीच्या जाण्याच्या विरुद्ध होते, पण जीपचं काम दुसऱ्या कुणाला करू द्यायलाही तयार नव्हते. “ती जाणार की नाही हा वेगळा विषय,” त्यांनी जाहीर केलं. “माझ्या पोरीच्या गाडीत परक्यानं बांधलेला क्लच बसणार नाही.” मामानं खांदे उडवले आणि बाह्या सरसावल्या.

काम सुरू झालं. पोरीनं सीट आणि तळाचा पत्रा काढला, गिअरचे दांडे मोकळे केले. मामानं चाकांकडे जाणारे लांब शाफ्ट सोडवले. दाजींनी बॅटरीची वायर काढून स्टार्टर उतरवला आणि इंजिनाखाली टेकू दिला. वाटणीप्रमाणे सगळं सुरळीत. फरक एवढाच की दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. आजवर असा अबोला झाला की ताई मध्ये असायची. “यांना म्हणावं जॅक वर घ्या,” “त्याला म्हणावं बोल्ट सुटू दे आधी,” असा व्यवहार चालायचा. आता मध्ये कुणी नव्हतं, तर ते जीपशी बोलायला लागले.

“जॅक वर घ्यावा असं कुणाला वाटत असेल, तर घ्यावा,” दाजी चेसिसला सांगायचे.

“वाटतंय खूप,” मामा गिअरबॉक्सला म्हणायचा, “पण वरचा बोल्ट सुटलाय की नाही हे कुणी सांगेल तर ना.”

“ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल.”

“डोळे आहेत, पण वाटणीत मागचं आलंय.”

पोरगी दोघांच्या मध्ये टॉर्च धरून बसलेली. हसू दाबताना तिचा टॉर्च हलायचा आणि मग दोघेही तिच्यावर ओरडायचे, एका सुरात.

गिअरबॉक्स मागे सरकला तसा जळका वास माझ्या खिडकीपर्यंत आला. क्लच प्लेट पार झिजून आतल्या रिव्हेटच्या खिळ्यांपर्यंत गेली होती आणि त्या रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडले होते. लोखंडावर तापून निळे डाग पडलेले, आणि डागांतून केसासारख्या बारीक भेगा. दाजी एरवी कुठलाही पार्ट टाकायला तयार नसतात, ‘अजून जीव आहे’ म्हणून कोपऱ्यात ठेवतात. शेडचा अर्धा कोपरा अशा जीव असलेल्या वस्तूंनी भरलाय. या चाकावरून मात्र त्यांनी नख फिरवलं, भेगेत अडकलेलं नख बघितलं आणि म्हणाले, “हे नाही चालायचं. नवं घालायचं.” भंगारवाला बाहेर आलाच होता, चाक त्याच्या गाडीवर गेलं.

पार्ट ताईनंच मागवले. आले तेव्हा तिनं भलं मोठं खोकं तसंच्या तसं काउंटरवरून पुढे सरकवलं. “हे घ्या.” खोकं शेडमध्ये गेलं. चादर घडी करून काउंटरखालीच राहिली. दोघांनी खोक्यातून आपापलं उचललं. दाजींनी नवं फ्लायव्हील घेतलं, त्याचा चेहरा पुसून पुसून लख्ख केला, बोल्ट समोरासमोर असे आळीपाळीनं आवळले. क्लच प्लेट मधोमध बसवायला इतर मेकॅनिक एक दांडा वापरतात; दाजी डोळ्यानं आणि बोटानं बसवतात, कडेवरून बोट फिरवून, आणि त्यांची ती कधी चुकत नाही. मामानं गिअरबॉक्स जॅकवर घेऊन पुढे ढकलला, थोडा हलवला, थोडा फिरवला आणि तो आत गेला. दुपार कलायच्या आत जीप पुन्हा जीप झाली. चहा झाला, तोही वेगवेगळ्या बाकांवर बसून.

परीक्षा परवावर आली होती.

दुसऱ्या सकाळी ताई रिकामी खोकी चपटी करून बांधत होती, रद्दीवाल्यासाठी. मोठ्या खोक्याच्या तळाला चुरगळलेल्या कागदाखाली काहीतरी लागलं. काड्यापेटीएवढी डबी. न उघडलेली.

त्यात काय आहे हे तिला उघडायच्या आधीच कळलं. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमधून आत जातो तेव्हा त्याचं पुढचं टोक अधांतरी राहत नाही. ते एका छोट्या बेअरिंगमध्ये टेकतं आणि ते बेअरिंग या जीपमध्ये फ्लायव्हीलच्या बरोबर मध्यात बसतं. नुसता क्लच बदलायचा असेल तर फ्लायव्हील जागचं हलत नाही, बेअरिंगही त्याच्यातच राहतं. म्हणून कुणाला त्याची आठवण नसते. फ्लायव्हील बदलण्याची वेळ क्वचित. आणि या शेडमध्ये जेव्हा जेव्हा ती आली, तेव्हा ही डबी ताईनं फोडून चादरीवर ठेवलेली होती. जुनं बेअरिंग जुन्या चाकासोबत भंगारात गेलं होतं. नव्या चाकाच्या मध्यात भोक होतं आणि भोकात काहीच नव्हतं. दाजींच्या लेखी शाफ्टचं टोक मामाचं. मामाच्या लेखी फ्लायव्हीलचं भोक दाजींचं.

त्याच वेळी शेडमध्ये पोरीनं जीप सुरू केली. पॅडल दाबून गिअर टाकला तर करकर आवाज आला.

“नवीन आहे, बसेल हळूहळू,” मामा स्टेपनीला म्हणाला.

“पॅडलचा खेळ जास्त झालाय,” दाजी बॉनेटला म्हणाले. त्यांनी खाली वाकून रॉडची लांबी बदलली. करकर कमी झाली. गिअर पडला. जीप शेडबाहेर आली, गल्लीच्या टोकाला जाऊन वळून आली. पोरगी खुशीत होती. “चालतंय की! खाणीच्या चढावर एकदा बघून येते.”

ताईनं डबी काउंटरच्या खणात टाकली आणि खण बंद केला.

हे मला तिनं स्वतः सांगितलं, पुढे बऱ्याच दिवसांनी, कपडे वाळत घालताना, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा आवाजात. तिला पोरीनं वर जायला नको होतं. दाजींपेक्षाही नको होतं. दाजी निदान ओरडून मोकळे होत होते. ती काही बोलली नव्हती, कारण बोलली असती तर पोरीनं तिचं ऐकलं असतं, आणि मग जन्मभर ते तिच्या नावावर राहिलं असतं. आता कुणाला काही सांगायची गरजच नव्हती. बेअरिंगशिवायचा शाफ्ट डुगडुगणार, क्लच पूर्ण सुटणार नाही, चढावर मधोमध थांबून गिअर टाकायला गेलं की दात घासणार. परीक्षेत जीप नापास. काम दुसऱ्याला. पोरगी घरी. आणि कुणाचाच दोष नाही. नुसता खण बंद ठेवायचा होता.

एक गिऱ्हाईक आलं, वायपरसाठी. तिनं दिलं. तो गेला. मग दुसरा आला, त्याला दिव्याचा बल्ब हवा होता. त्यालाही दिला. तेवढ्यात पहिला परत आला. “ताई, हे आखूड आहे. तुम्ही दुसऱ्याच गाडीचं दिलंत.”

“असं कसं?”

“मलाही तेच वाटलं. तुमच्याकडून कधी होत नाही.”

तिनं वायपर बदलून दिलं. मग खण उघडला, डबी घेतली आणि शेडमध्ये गेली. मी तेव्हा खिडकीत होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती उंबरा ओलांडताना दिसली. पोरगी स्टिअरिंगवर बसून निघण्याच्या बेतात होती. ताई जीपच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि डबी बॉनेटवर ठेवली.

“चावी काढ,” ती म्हणाली.

दाजींनी डबीवरचा नंबर वाचला. मामानं त्यांच्या खांद्यावरून वाचला. मग दोघांना वाचा फुटली, आणि यावेळी एकमेकांशी.

“हे तू घातलं नाहीस?”

“मी? फ्लायव्हील कुणाच्या वाट्याचं?”

“शाफ्ट कुणाचा? शाफ्टाचं टोक कशात बसतं हे शाफ्टवाल्यानं बघायला नको?”

“भोक तुमच्या चाकात! चाक पुसत बसलात दुपारभर, आरशासारखं. मधलं भोक नाही दिसलं?”

“तू गिअरबॉक्स ढकलताना तुला हाताला लागलं नाही? इतकी वर्षं काय हात आहेत की वल्ही?”

“मला वाटलं सैल जातंय ते तुमच्या डोळ्याच्या अंदाजामुळे!”

“माझा अंदाज काढतोस?”

“फ्लायव्हील तुमचं!”

“शाफ्ट तुझा!”

“आणि पोरगी कुणाची?” ताई म्हणाली.

मामानं डोक्याची टोपी काढून पुन्हा घातली. दाजींनी डबी उचलून खिशात टाकली, मग काढून परत बॉनेटवर ठेवली. पोरीनं चावी काढली होतीच.

“परीक्षा उद्या आहे,” ती म्हणाली. एवढंच. तिच्या आवाजावरून ती रडेल की काय असं मला वाटलं. तिनं सीटचा पहिला बोल्ट सोडायला घेतला.

सगळं पुन्हा उतरवलं. तळाचा पत्रा, दांडे, लांब शाफ्ट, स्टार्टर. दुसऱ्यांदा करताना हात वेगानं चालतात, पण मूड नसतो. दर दुसऱ्या मिनिटाला पाना आपटल्याचा आवाज. ताईनं चादर अंथरली. बोल्ट, वॉशर, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, ग्रीसचा डबा, सगळं सवयीनं डाव्या-उजव्या कडेला लागलं. बेअरिंग मात्र तिनं चादरीच्या अगदी मध्यात ठेवलं. मुद्दाम ठेवलं की नाही, हे मी तिला विचारलेलं नाही.

दाजींनी चादरीकडे बघितलं. मामानं बघितलं. दोघांचे हात निघाले आणि थबकले. तेवढ्यात पोरीनं ते उचललं आणि ती जीपखालच्या खड्ड्यात उतरली.

“बाहेरच्या कडीवर ठोक! आतल्या नको!” दाजी वरून ओरडले.

“सरळ, सरळ जाऊ दे, वाकडं धरू नको,” मामा दुसऱ्या बाजूनं.

“मामा, तुमची सावली पडतेय.”

“अहो दाजी, सरका ना जरा.”

“तू सरक. सावली तुझी आहे.”

खालून ठक, ठक असा बारीक आवाज आला, मग जरा भरीव. “बसलं,” पोरगी म्हणाली. दाजी वाकून स्वतः बघून आले, मग मामा बघून आला. यावेळी प्लेट मधोमध बसवताना दाजींनी मामाकडे हात पुढे केला. मामानं इतर मेकॅनिक वापरतात तसा दांडा, जुन्या शाफ्टचा तुकडा, त्या हातात दिला. तो बेअरिंगच्या भोकात नीट बसला. गिअरबॉक्स आत गेला तेव्हा त्याचा आवाज वेगळा आला, मला वरूनही जाणवावं इतका. एखादं जड कपाट चारही पायांवर एकदम टेकावं तसा.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला सगळं घर गेलं. मी गेले नव्हते. पण मामानं तो प्रसंग गल्लीला इतक्या वेळा करून दाखवलाय की मी तिथे असल्यासारखंच झालंय. खाणीचा चढ म्हणजे एका बाजूला कातळ आणि पायाखाली सुटी खडी. मागे वाळूची पोती भरलेली. टॉवरवाल्यांचा एक साहेब छत्री घेऊन वरच्या वळणावर उभा. पोरीनं जीप चढावर घेतली आणि मधोमध थांबवली. गाडी सरकली तर अडावी म्हणून मामानं मागच्या चाकामागे लाकडी ठोकळा लावायला घेतला. साहेब वरून म्हणाले, लावा, काही हरकत नाही, सरकून ठोकळ्याला लागली तर नापास धरू.

दाजी तिथेच उभे होते. ते वाकले आणि त्यांनी ठोकळा काढून बाजूला फेकला.

“दाजी, राहू द्या ना, असावा.”

“नको. तिला मागे काही आहे असं वाटायला नको.”

आणि स्वतः मात्र चाकामागून हलले नाहीत. मामाला हे सांगताना दर वेळी हसू येतं. “ठोकळा काढला आणि ठोकळ्याच्या जागी स्वतः उभे!” ताईनं हाक मारली, अहो, बाजूला या. आले नाहीत. पोरीनं आरशात बघितलं, वडील दिसले. तिनं क्लच हळूहळू सोडला, जीप थरथरली आणि पुढे गेली. मागे बोटभरही आली नाही. साहेबांनी छत्री मिटली.

परतताना पोरगी आणि मामा जीपमधून पुढे गेले. दाजी आणि ताई मागून आपल्या जुन्या गाडीतून; त्यांचं बोलणं मला ताईनंच पुढे सांगितलं. खाणीचा रस्ता मागे पडला. मग दाजींनी विचारलं, “तुला तिनं वर जायला हवं होतं?”

“नव्हतं.”

“मग डबी दाबून ठेवायची होतीस.”

“ठेवली होती.”

दाजींनी तिच्याकडे बघितलं. ताई समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

“नापास झाली असती तर घरी राहिली असती,” ती म्हणाली. “पण तुम्ही पॅडल ॲडजस्ट केलंत. गिअर पडायला लागला. मग वाटलं, अशीच पास होऊन वर गेली तर?”

दाजींनी गाडी थोडी हळू केली. पुढे जीप वळणावर दिसत होती, मामाचा हात खिडकीबाहेर.

“मला का नाही सांगितलंस? तुलाही नको होतं म्हणून.”

“दोघांनी मिळून अडवली असती तर ती थांबली असती.”

“तेच तर.”

“तेच तर,” ताई म्हणाली.

आता पोरगी आठवड्यातून दोनदा वर जाते. त्या दिवशी ताई दुकान वेळेवर उघडते, गिऱ्हाइकं करते, वायपर मोजूनमापून देते. माथ्यावर पोचली की पोरगी फोन करते. टॉवरच तिथे असल्यामुळे आवाज स्वच्छ येतो. ताई फोन कानाला लावते, ऐकते आणि म्हणते, “बरं. उतरताना पहिल्या गिअरमध्येच ये.” फोन ठेवते आणि शेडकडे तोंड करून सांगते, “पोचली.” शेडमधून दोन आवाज येतात, एक पुढून आणि एक मागून.